न आलेले हसू

रडण्याच्या आठवणी माणूस जपून ठेवतो, हसण्याच्याही ठेवतो. पण हसायला म्हणून मुद्दाम बसलो आणि हसूच आले नाही, अशा दिवसाची आठवण कोण ठेवतो? मी ठेवली आहे. ती २०१२ सालच्या चवथीची आहे आणि एका विनोदी सिनेमाची आहे. मात्र ती सांगायची तर आधी तेवीस वर्षे मागे जावे लागेल.

आमचे मूळ घर पेडणे तालुक्यात, पार्से गावी. भगवतीच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. गणपती एकच, आणि तो मूळ घरात. त्यामुळे जो जिथे असेल त्याने चवथीला पार्सेला पोहोचायचे, हा आजोबांपासूनचा दंडक. मी नोकरीनिमित्त बेळगावात. थोरले काका पणजीला सरकारी नोकरीत. बाबा मात्र गाव सोडून कुठे गेले नाहीत. मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एका प्राथमिक शाळेत ते मास्तर होते. काकांना आम्ही भाईकाका म्हणत असू. बाबा नुसते 'भाई' म्हणत.

दोघा भावांत जमिनीवरून कधी भांडण झाले नाही, माडांवरून झाले नाही, बायकांवरून तर नाहीच. झाले ते भाषेवरून. १९८६ साली गोव्यात राजभाषेचा वाद पेटला. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको. रस्ते अडले, डोकी फुटली, माणसे प्राणाला मुकली. पुढे ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेत राजभाषा विधेयक संमत झाले. देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराची तरतूद राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. कायद्याने वाद मिटवला तो कागदावर. आमच्या घरात तो डिसेंबर ८६ मध्ये जेवणाच्या पाटावर सुरू झाला आणि पाटावरच थिजला.

बाबांचे म्हणणे, घरात बोलतो ती बोली, वाचतो-लिहितो ती भाषा. तुकोबा-ज्ञानोबा काय दुसऱ्या कुणाचे आहेत? भाईकाकांचे म्हणणे, आईने ज्या शब्दांत जेवायला हाक मारली तीच भाषा, बाकी सगळे शिकलेले. गंमत अशी की बाबा मराठीची बाजू तावातावाने मांडत ती कोकणीतून, आणि भाईकाका कोकणीच्या बाजूने वर्तमानपत्राला पत्र लिहीत ते मराठीतून. सीमेवरच्या घरांत असेच असते. आपण ज्या भाषेत भांडतो ती एक आणि जिच्यासाठी भांडतो ती दुसरी. पण त्या वेळी ही गंमत कुणाला दिसली नाही. बोलता बोलता एक शब्द जास्त गेला. भाईकाका ताटावरून उठले, आणि त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

चवथीला मात्र दोघेही येत. एकाच माटोळीखाली बसत, एकच आरती म्हणत. आणि आरती तर मराठीतलीच! जेवताना बाबा मला सांगत, ''भाईक विचार, आनीक शीत जाय?'' भाईकाका हातभर अंतरावर बसलेले. मी विचारायचे, त्यांनी मला 'नाका' म्हणायचे आणि मी ते 'नाका' हातभर वाहून न्यायचे. अशा दोन चवथी गेल्या.

तिसरी १९८९ ची. माझ्या चुलतभावाने म्हापशाहून एका दिवसाच्या भाड्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. सोबत कॅसेट, 'अशी ही बनवाबनवी'ची. सिनेमा आदल्या वर्षी सप्टेंबरात लागला होता. सचिनचे दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे संवाद, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी. वाड्यावरची चाळीसेक माणसे आमच्या वसरीत दाटीवाटीने बसली. बाबा पुढे, खुर्चीवर. भाईकाका त्यांच्या मागे, खांबाला टेकून.

कथा वाचकांना ठाऊक आहेच. पुण्यात चौघा तरुणांना राहायला जागा नाही. जागा मिळते ती जोडप्यांनाच. म्हणून दोघे बायका होतात. त्यातला तो सत्तर रुपयांचा प्रसंग आला. घरमालक उसने दिलेले पैसे मागतो आणि अशोक सराफ मधुमेहाच्या इस्तंबूलच्या औषधाची कहाणी रचून ते सत्तर रुपये कायमचे बुडाल्याचे सांगतो. त्या प्रसंगाच्या थोडे आधी मागून आवाज आला :

''मातसो कुशीक सर रे, कांय दिसना.''

भाईकाका बोलले होते. माझ्याशी नव्हे. बाबांशी. पावणेतीन वर्षांनी.

बाबांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी खुर्ची उचलली आणि वीतभर बाजूला ठेवली. मग सत्तर रुपये बुडाले आणि सगळी वसरी फुटली. बाबा मांडीवर थाप मारून हसत होते, मागे भाईकाका खोकेपर्यंत हसत होते, आणि मी सिनेमा सोडून त्या दोघांकडे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईकाकांनी बाबांना विचारले, ''च्या घेतलो?'' झाले. समेट म्हणून काही वेगळा झालाच नाही.

वाद मिटला असे मात्र समजू नका. मरेपर्यंत तो चालू होता. फक्त आता मोठ्या आवाजात, समोरासमोर. १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली तेव्हा भाईकाका पेढे घेऊन आले, आणि बाबांनी ते 'गोड आहेत, पण मुद्दा चूक आहे' म्हणत खाल्ले. त्या सिनेमाचे एक शेपूट मात्र घरात कायमचे राहिले. नारळाच्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले, बसचे तिकीट हरवले, बागायतीवर लावलेले मजूर दुपारीच पळाले, काहीही झाले की भाईकाका म्हणत, ''गेले सत्तर!'' बाबा पुरवणी जोडत, ''आनी वखदूय ना!'' औषधही नाही! बाहेरच्या माणसाला यातले काही कळत नसे. दोघे मात्र हसत.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. बेळगावला माझे एक कन्नड शेजारी होते. बोलता बोलता 'बनवाबनवी'चा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, ''ही तर आमच्या कन्नडमध्येही आली आहे.'' मग मी जरा चौकशी केली. तेलुगूतही ती आहे. मूळ कथा मात्र यातल्या कुठल्याच भाषेतली नव्हे. ती शैलेश डे यांची, बंगाली. १९५५ साली तिच्यावर 'जय माँ काली बोर्डिंग' हा चित्रपट निघाला. १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी तीच हिंदीत 'बीवी और मकान' म्हणून केली. मेहमूद, विश्वजीत, केष्टो मुखर्जी असे नट, हेमंतकुमारांचे संगीत, गुलजारांची गाणी. इतके सगळे असून चित्रपट फारसा चालला नाही. याच हृषीकेश मुखर्जींनी पुढे 'चुपके चुपके' आणि 'गोलमाल' करून सगळ्या देशाला हसवले! म्हणजे जे नाणे एका हातात वाजले नाही तेच बावीस वर्षांनी मराठीत खणखणीत वाजले. याचे मला फार नवल वाटे, आणि थोडा अभिमानही. विनोदाला मराठीच लागते, असा काहीसा निष्कर्ष मी मनाशी काढून ठेवला होता. मास्तरांचा मुलगा ना मी!

आता २०१२.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास भाईकाका गेले. वर्ष व्हायचे होते म्हणून चवथीला फटाके नव्हते, भजनी मंडळ नव्हते. दीड दिवसाचा गणपती, आणि आरतीसुद्धा हळू आवाजात. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. भाईकाका गेल्यापासून ते आजारी नव्हते, रडतही नव्हते. वेळेवर जेवत, पेपर वाचत. पण त्यांच्याशी वाद घालायला कोणी उरले नव्हते आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. मी एकदा मुद्दाम कोकणीची बाजू घेऊन पाहिली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ''तुला जमत नाही ते.''

भाईकाकांचा नातू तेव्हा कॉलेजात होता. घरी कोकणी, शाळा इंग्रजी, मित्रांत हिंदी. मनाने फार चांगला पोर. आजोबा हसत नाहीत हे त्याने हेरले होते. तो एक डीव्हीडी घेऊन आला. 'पेइंग गेस्ट्स', २००९ चा हिंदी सिनेमा. म्हणाला, ''आबा, ही तुमचीच स्टोरी. बनवाबनवीच, पण नवी.'' आणि ते खरेही होते. पुण्याच्या जागी थायलंड, बाकी मांडणी तीच. घरमालक जॉनी लिव्हर. श्रेयस तळपदे आणि जावेद जाफरी बायकांच्या वेषात.

रात्री जेवणे झाल्यावर वसरीत टीव्हीपुढे बसलो. घरची बारा-पंधरा माणसे. वाड्यावरचे कोणी आले नाही. आता ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही आहे. सिनेमा सुरू झाला. पहिला विनोद झाला. कोणी हसले नाही. म्हटले, अजून रंगायचा आहे. दुसरा झाला, तिसरा झाला. पडद्यावरची माणसे धावत होती, पडत होती, डोळे वटारत होती. वसरीत पंख्याचा आवाज येत होता. कोणी तरी नेवरी मोडली तर तीसुद्धा ऐकू आली. पोरगा दोनदा एकटाच मोठ्याने हसला आणि हसता हसता आमच्याकडे वळून पाहिले. तिसऱ्यांदा हसला नाही. विनोद वाया गेला की करणाऱ्यापेक्षा तो घेऊन येणाऱ्याची जास्त पंचाईत होते. वहिनी भांडी आवरायला उठल्या. बहिणीला झोप आली. मध्यंतराच्या सुमारास बाबा उठले, पोराच्या पाठीवर हात ठेवून ''बरो आसा हां'' म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

नटांचा दोष नव्हता. जॉनी लिव्हर म्हणजे काय चीज आहे हे मी सांगायला नको. मी बाबांना म्हटले, ''कथा तीच, मग हसू का येत नाही?''

बाबांमधला मास्तर बऱ्याच दिवसांनी जागा झाला. म्हणाले, ''त्यांना ती जागा मिळाली नसती तर काय झालं असतं, सांग?''

''काय?''

''काहीच नाही. दुसरीकडे राहिले असते. परदेशात जाऊन मजेत असलेली माणसं ती. धनंजय मानेला जागा गेली तर रस्ता होता. तू बेळगावात पहिल्या वर्षी किती खोल्या बदलल्यास? घरमालकानं विचारलं नव्हतं, लग्न झालंय का म्हणून?''

विचारले होते. मला ते चांगलेच आठवत होते.

''आणि दुसरं,'' बाबा म्हणाले, ''पुरुष लुगडं नेसला की लोक हसतात, असं त्यांना वाटतं. आपल्याकडे कोण हसतो त्याला?''

हे मात्र मला कधी सुचले नव्हते. पेडण्यापासून सावंतवाडी-कुडाळपर्यंत आम्ही जत्रेत दशावतार पाहत वाढलेली माणसे. दशावतारात राणी, सीता, द्रौपदी, सगळ्या पुरुषच होतात. स्त्री पार्टी करणारा कसलेला नट नऊवारी सावरत रंगमंचावर आला की पहाटे तीन वाजता बाया पदराने डोळे पुसतात. लुगडे नेसलेला पुरुष ही आमच्यासाठी हसण्याची गोष्टच नव्हे. हसवायचे काम असते संकासुराचे. काळा पोशाख, डोक्यावर उंच टोकदार टोपी. देव ग्रंथातल्यासारखी मराठी बोलतात आणि हा चोर वेद पळवून आपल्या घरच्या बोलीत टवाळी करतो. एकाच रंगमंचावर दोन्ही भाषा नांदतात, आणि त्यावरून आजवर कोणी ताटावरून उठलेले नाही.

''बनवाबनवीतसुद्धा आपण लुगड्याला हसलो नाही,'' बाबा म्हणाले. ''आता पकडला जाणार, आता घर जाणार, या भीतीला हसलो. भीती खरी, म्हणून हसू खरं.''

मला फार बरे वाटले. बाबा बोलले होते, आणि लेखाला विषय मिळाला होता. मराठीतला जुना, खऱ्या पोटाचा विनोद आणि हिंदीतली नवी, उसनी खटपट. मनातल्या मनात मी तो लेख अर्धा लिहूनही टाकला.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झाले. विसर्जनानंतरच्या रात्री घर कसे असते ते घरोघरी ठाऊक आहे. चौरंग रिकामा, माटोळीवरची फळे कोमेजलेली, मुले गप्प. मीच पोराला म्हटले, ''काल तुझा सिनेमा पाहिला, आज आमचा लाव. मग बघ.'' त्याने 'बनवाबनवी' लावला. मी खुर्ची आणून बाबांना पुढे बसवले. माझ्या मनात काय होते ते सांगायला लाज वाटते. मला माझा लेख खरा करून पाहायचा होता.

पोरे हसली. खोटे का बोलू? आदल्या रात्री न हसलेली ती पोरे चार-पाच ठिकाणी खळखळून हसली. वहिनी हसल्या. मीही हसलो, पण थोडा मोजून, कारण माझे लक्ष बाबांकडे होते. बाबा हसत नव्हते. सिनेमा आवडत नव्हता असे नव्हे. ते डोळे न हलवता पाहत होते, आपल्याच शाळेचा जुना फोटो पाहावा तसे. मी मनात म्हणत होतो, थांबा, सत्तर रुपये येऊ द्यात.

सत्तर रुपये आले. घरमालकाने पैसे मागितले. अशोक सराफने तोंड पाडले. वसरीतल्या प्रत्येकाने बाबांकडे पाहिले. आम्हां सगळ्यांना ते शेपूट माहीत होते ना! त्या क्षणी बाबांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, जरासे उठले आणि खुर्ची वीतभर बाजूला सरकवली.

त्यांच्या मागे कोणी नव्हते. खांब होता.

पडद्यावर सत्तर रुपये बुडाले. आमच्या वसरीत कोणी हसले नाही. मराठीतला तो इतका गाजलेला विनोद आमच्या घरात त्या रात्री आदल्या रात्रीच्या विनोदापेक्षाही साफ पडला.

माझा लेखही तिथेच बुडाला. भीती खरी की खोटी, भाषा घरची की उसनी, हे सगळे बाबांनी सांगितले ते खरेच होते. आजही मला ते पटते. पण ते पुरे नव्हते. 'बीवी और मकान' का चालला नाही, याचा निकाल मी बेळगावात बसून किती सहज लावला होता! १९६६ साली त्या अंधारात कोण कुणाशेजारी बसले होते, मला काय ठाऊक? 'सिनेमा पडला' म्हणताना आपण पडद्याकडे बोट दाखवतो. शेजारच्या रिकाम्या जागेकडे दाखवत नाही.

बाबा त्या रात्री सिनेमा संपेपर्यंत बसले. उठताना पोराला म्हणाले, ''फाल्यां तो तुझो परत लाय. अर्दो रावलो.'' आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे नातू-आजोबा 'पेइंग गेस्ट्स'चा उरलेला भाग पाहत बसले होते. मी डोकावून पाहिले. हसत कोणीच नव्हते. बाबा पोराला विचारीत होते, हा कोण, तो असा का वागतो. आणि पोरगा त्यांना कोकणीतून समजावून सांगत होता. तो इतका वेळ बाबांशी पूर्वी कधी बोललेला मला आठवत नाही.

बाबा २०१७ साली गेले. गणपती अजून पार्सेलाच असतो. तो पोरगा आता हैदराबादला नोकरी करतो. मोप्याचा विमानतळ झाल्यापासून त्याला सोयीचे झाले आहे; सकाळी निघाला की दुपारच्या नैवेद्याला हजर.

गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. राहती जागा सोडली, पण घरमालक आगाऊ घेतलेली अनामत रक्कम परत देत नव्हता. रंगाचे कारण, नळाचे कारण, दर आठवड्याला नवे कारण. मी म्हटले, एखादे कडक पत्र लिहू या, वकिलाशी बोलू या. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला :

''सोड रे काका. गेले सत्तर!''

बेळगावात, स्वयंपाकघरात उभा राहून, हातात दुधाचे पातेले घेऊन मी एकटाच हसत सुटलो. दूध सांडले तरी मला थांबता येईना. पलीकडून पोरगाही हसत होता. आणि मग, थोडे थांबून, आजोबांसारखाच आवाज काढून तो म्हणाला, ''आनी वखदूय ना!''